‘किरकोळ’ ठरविलेल्या जखमा

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याच्या आवारात अनेक दशके पडून असलेला सुमारे ३३७ टन विषारी कचरा २०२५ च्या जानेवारी महिन्यात बंद कंटेनरांत भरून पिथमपूरला नेण्यात आला आणि त्या वर्षाच्या मध्यापर्यंत तो जाळून संपविण्यात आला. त्या प्रवासाची छायाचित्रे देशभरच्या वृत्तपत्रांनी छापली. एक जुने, नकोसे प्रकरण एकदाचे मार्गी लागले, असे ती पाहून अनेकांस वाटले असेल. आवाराच्या मातीत जे मुरले व आसपासच्या विहिरींत जे उतरले त्याचा हिशेब अद्याप शिल्लक आहे, ही गोष्ट निराळी. परंतु १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री त्या कारखान्यातून सुटलेला सुमारे ४० टन वायू ज्या माणसांच्या डोळ्यांत आणि छातीत शिरला, त्यांचे काय? त्यांच्या जखमा कंटेनरात भरून कोठे नेता येत नाहीत. त्या घेऊन ती माणसे आजही इस्पितळांच्या रांगांत उभी राहतात.

या जखमांना सरकारदरबारी एक नाव आहे. ते नाव म्हणजे ‘किरकोळ’. १९८९ च्या फेब्रुवारी महिन्यात सर्वोच्च न्यायालयात तडजोड झाली व कंपनीने ४७ कोटी डॉलर देऊन आपली सुटका करून घेतली. पुढे त्या रकमेच्या वाटपासाठी माणसांची वर्गवारी करण्यात आली. मंजूर झालेले दावे पावणेसहा लाखांच्या आसपास आहेत. त्यांत मृत्यूचे दावे ५,२९५, कायमच्या अपंगत्वाचे ४,९०२, तात्पुरत्या अपंगत्वाचे ३५,४५५ आणि उरलेले सुमारे ५ लाख २७ हजार दावे ‘किरकोळ इजा’ या एका रकान्यात टाकलेले. या किरकोळ इजेचे मोल २५ हजार रुपये ठरले. २००४ नंतर तेवढीच रक्कम आणखी देण्यात आली. चाळीस वर्षांच्या धापेला पन्नास हजार! दर दिवसाचा हिशेब केला तर चहाचा एक पेलाही त्यात येत नाही.

आम्हांला येथे रकमेपेक्षा त्या शब्दाविषयी बोलावयाचे आहे. इजा किरकोळ की गंभीर, हे कोणत्या दिवशी ठरवावयाचे? हाड मोडले तर त्याच दिवशी कळते. तलवारीचा वार झाला तर रक्तच साक्ष देते. परंतु काही जखमा अशा असतात की ज्यांची गंभीरता त्या झाल्या त्या दिवशी दिसत नाही. त्या भरत नाहीत हे कळावयास काळ जावा लागतो. ज्याच्याजवळ त्या आठवड्यातील इस्पितळाचा कागद नव्हता, आणि त्या पळापळीत कागद सांभाळणारे असे कितीसे असणार, त्याला आपली इजा सिद्ध करणे कठीण गेले. केंद्र सरकारने २०१० साली सर्वोच्च न्यायालयात नव्याने अर्ज करून साडेसात हजार कोटी रुपयांहून अधिक भरपाई मागितली, तेव्हा आधीचे आकडे अपुरे होते हे सरकारनेच एका परीने कबूल केले. तो अर्ज १४ मार्च २०२३ रोजी फेटाळला गेला.

मिथिल आयसोसायनेट हा वायू ओलाव्याला शोधीत जातो. माणसाच्या शरीरात ओलावा उघड्यावर असतो तो डोळ्यांत, नाकात, घशात आणि श्वासनलिकांत. त्या रात्री जयप्रकाश नगर, काझी कॅम्प, छोला या वस्त्यांतील माणसे धावत सुटली, आणि धावणाऱ्याने अधिक जोराने श्वास घेतला म्हणून त्याच्याच छातीत वायू अधिक गेला. हमीदिया इस्पितळात आलेल्यांच्या डोळ्यांची बुबुळे वरून सोलवटल्यासारखी झाली होती. डॉक्टरांपाशी पाण्याने डोळे धुणे, थेंब घालणे व प्राणवायू देणे यापलीकडे फारसे काही नव्हते, कारण हा वायू कोणता व त्यावर उतारा कोणता, हे त्यांना धडपणे सांगणारा कोणी नव्हता. बुबुळांवरील ते व्रण बहुतेकांच्या बाबतीत काही दिवसांत भरून आले. हजारो माणसे आंधळी होतील ही भीती खरी ठरली नाही, आणि त्यामुळे बाहेरच्या जगाचा असा समज झाला की वाचला तो वाचला. पण पुढील काही वर्षांत केलेल्या पाहण्यांत त्याच माणसांच्या डोळ्यांतून सतत पाणी वाहणे, पापण्या वारंवार पिकणे, मोतीबिंदू लवकर येणे असे विकार अधिक प्रमाणात आढळले.

छातीची कथा याहून कठीण आहे. श्वासनलिकांच्या अगदी बारीक शाखांचे अस्तर जळाले की शरीर ती जागा वण घालून बुजविते. कातडीवर वण पडला तर केवळ रूप बिघडते. फुप्फुसात वण पडला तर तेवढी जागा हवेला कायमची बंद होते. ज्याला आपण जखम भरणे म्हणतो तेच येथे दुखणे होऊन बसते. असा मनुष्य अंथरुणाला खिळलेला नसतो. तो चालतो, बोलतो, बाजारात जातो. फक्त हमालीचे ओझे त्याला उचलत नाही, जिना चढवत नाही आणि थंडीचे दिवस आले की त्याची रात्र बसून जाते. कोणत्याही एका दिवशी त्याला तपासा, तो ‘किरकोळ’च दिसेल.

अशा दुखण्याला औषधापेक्षा सातत्य लागते. तोच डॉक्टर, तीच नोंदवही, गेल्या वर्षीच्या श्वासाच्या मापाशेजारी यंदाचे माप. भोपाळला नेमके हेच मिळाले नाही. सोडियम थायोसल्फेटच्या टोचण्यांची कथा जुन्या वाचकांना आठवत असेल. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १९८५ च्या आरंभी त्याची रीतसर परीक्षा घेतली, रुग्णांस बरे वाटते असे आढळले, वापराविषयी सूचनाही निघाल्या. परंतु डॉक्टरांतील वाद व राज्याच्या यंत्रणेची उदासीनता यांत ते औषध बहुसंख्य लोकांपर्यंत पोहोचलेच नाही. परिषदेने दोन डझन संशोधन प्रकल्प हाती घेतले व ते १९९४ मध्ये गुंडाळले. दहा वर्षे! जे लेकरू त्या रात्री आईच्या कडेवर होते ते अद्याप शाळेतून बाहेरही पडले नव्हते. पर्यावरणजन्य आरोग्याच्या अभ्यासासाठी राष्ट्रीय संस्था भोपाळमध्ये पुन्हा उभी राहिली ती २०१० मध्ये. मधल्या सोळा वर्षांत या माणसांच्या शरीरात काय घडत गेले, हे त्या सातत्याने कोणी मोजले नाही.

इस्पितळाचेही तसेच. ३ ऑक्टोबर १९९१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन महत्त्वाच्या गोष्टी सांगितल्या होत्या. एक, किमान ५०० खाटांचे सुसज्ज इस्पितळ उभारून त्यात पीडितांवर आठ वर्षे मोफत उपचार करावेत व त्याचा भार कंपनीने उचलावा. दुसरी याहूनही दूरदृष्टीची: ज्यांना आज काही होत नाही पण पुढे होईल अशा सुमारे एक लाख लोकांसाठी सरकारने विमा उतरवावा. लपलेली जखम उद्या वर येईल, हे न्यायमूर्तींनी ओळखले होते. इस्पितळ झाले, परंतु कार्बाइडचे समभाग जप्त होऊन विकले जाईपर्यंत आणि त्या पैशाचा न्यास होऊन इमारत उभी राहीपर्यंत २००० साल उजाडले, आणि खाटा झाल्या ३५०. विमा मात्र कधी उतरविलाच गेला नाही. २०२३ च्या निकालात न्यायालयाने याला केंद्र सरकारचा घोर निष्काळजीपणा म्हटले आहे. आम्ही त्यात एका शब्दाचीही भर घालू इच्छीत नाही.

करोंद येथील त्या भोपाळ स्मारक इस्पितळाची इमारत भव्य आहे, यंत्रसामग्रीही आणली गेली. न्यास संपुष्टात आल्यावर २०१० नंतर त्याचा कारभार केंद्राच्या एका खात्याकडून दुसऱ्याकडे गेला. या ओढाताणीत तज्ज्ञ डॉक्टर सोडून गेले, जागा रिकाम्या राहिल्या आणि काही विभागांच्या दारांवर विशेषज्ञ नसल्याने रुग्णांना परत फिरावे लागले. याच इस्पितळात २००४ ते २००८ या काळात झालेल्या औषधांच्या चाचण्यांत गॅसपीडितांची समजून-उमजून संमती घेतली होती काय, हा प्रश्न पुढे गंभीरपणे विचारला गेला. ज्यांच्यावर उपचार करावयाचे त्यांच्याकडे प्रयोगाचे साधन म्हणून पाहिले जावे, याहून विश्वासाला मोठा तडा कोणता? याउलट बेरसिया मार्गावरील ‘संभावना’ हा छोटा दवाखाना १९९६ पासून देणग्यांवर चालतो. तेथे ॲलोपॅथीबरोबर आयुर्वेद व योग यांचा उपयोग होतो, कार्यकर्त्या वस्तीवस्तीत जातात आणि रुग्णाची नोंद ठेवली जाते. लाखांच्या दुखण्याला एवढासा दवाखाना पुरा पडणार नाही हे उघडच आहे. पण उणीव इमारतीची नव्हती, एवढे त्यावरून दिसून येते.

नोंदीचे महत्त्व ज्याला सर्वांत आधी कळले तो डॉक्टर नव्हता. अब्दुल जब्बार हे त्याचे नाव. गॅसने त्यांची फुप्फुसे निकामी होत गेली, दृष्टी अधू झाली. ‘खैरात नको, रोजगार हवा’ ही घोषणा देत त्यांनी गॅसपीडित महिलांची संघटना बांधली आणि दर शनिवारी शाहजहानी पार्कमध्ये सभा भरविली. वर्षामागून वर्षे गेली, पुढारी बदलले, पत्रकार यावयाचे थांबले, पण सभा थांबली नाही. या संघटनेने इतरांसह १९९८ साली सर्वोच्च न्यायालयात जी याचिका केली तिच्यावर ९ ऑगस्ट २०१२ रोजी निकाल झाला: प्रत्येक पीडिताला आरोग्यपुस्तिका व ओळखपत्र द्यावे, सर्व वैद्यकीय नोंदी संगणकावर घ्याव्यात, उपचारांची एक निश्चित पद्धत आखावी आणि यावर देखरेख समितीने लक्ष ठेवावे. अपघाताला अठ्ठावीस वर्षे लोटल्यावर रुग्णाची वही ठेवा, असे देशाच्या सर्वोच्च न्यायालयास सांगावे लागले.

आणि हेच जब्बार १४ नोव्हेंबर २०१९ रोजी गेले, त्या वेळी त्यांना मधुमेह होता आणि पाय सडत चालला होता. पायाच्या जखमेने त्यांना एका इस्पितळातून दुसऱ्यात फिरविले. अखेरच्या दिवसांत राज्य सरकारने उपचारांचा खर्च उचलण्याचे जाहीर केले व मुंबईला हलविण्याच्या गोष्टी चालू झाल्या, तोच त्यांचे निधन झाले. पुढील वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. त्यांच्या मधुमेहाचा गॅसशी संबंध होता असे म्हणण्यास आमच्यापाशी आधार नाही आणि कोणत्या डॉक्टरास दोष देण्याचाही आमचा हेतू नाही. परंतु पायाची एक जखम एवढ्या जाणत्या, वैद्यकीय हक्कांसाठी आयुष्य वेचलेल्या माणसाला घेऊन जाते, तेव्हा तिच्याकडे पाहणे भाग आहे. कारण तशा जखमा आपल्या घराघरांत आहेत.

भोपाळवरून लिहिताना आम्ही गोमंतकावर का यावे, असे वाचक विचारतील. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा तिचा अंदाज आहे, आणि सर्व राज्यांत मधुमेहाचे प्रमाण सर्वाधिक आढळले ते गोव्यात: प्रौढांत शेकडा २६.४. चार माणसांत एक! पहिल्या क्रमांकाचा आपल्याला एरवी मोठा अभिमान असतो. या क्रमांकाची चर्चा मात्र दोन दिवसांत विरली.

मधुमेहीच्या पायाची जखम का भरत नाही? साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायातील नसा बधिर होतात, बारीक रक्तवाहिन्या अरुंद होतात आणि जंतूंशी झुंजण्याची शक्ती कमी होते. यांत पहिली गोष्ट सर्वांत घातक. वेदना ही आपण शत्रू मानतो, पण ती पहारेकरी आहे. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात १९४६ पासून काम करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बाबतीत हेच दाखवून दिले: बोटे रोगाने आपोआप झडत नाहीत, दुखणे कळत नसल्याने माणूस त्याच जखमेवर दिवसभर चालतो, आणि दाबामुळे ती खोल होत जाते. पायाला प्लास्टर चढवून किंवा मऊ रबराच्या तळाची पादत्राणे देऊन तो दाब काढला की तेच व्रण भरतात. ही समज ब्रँड यांनी पुढे अमेरिकेत मधुमेहींच्या पायासाठीही वापरली. आनंदवनासारख्या संस्थांमुळे कुष्ठरुग्णांच्या जखमांची निगा महाराष्ट्राला परकी नाही. तीच विद्या मधुमेहीच्या पायाला लावावयाची आहे, एवढेच. त्याही मागे गेलो तर सुश्रुताने भरणाऱ्या व्रणापासून दुष्ट व्रण वेगळा काढला आहे आणि व्रणाच्या चिकित्सेचे साठ उपक्रम सांगितले आहेत. व्रण पाहताना रोग्याची सारी प्रकृती पाहा, हे आपल्या वैद्यकाला नवे नाही.

आपल्याकडे प्रत्यक्षात काय घडते? खाजनात काम करताना शिंपल्याचा काप लागतो, मासळी साफ करताना काटा शिरतो, नवी चप्पल चावते. भर दुपारी देवळाच्या तापलेल्या प्रांगणात अनवाणी प्रदक्षिणा घालणाऱ्या मधुमेहीच्या तळव्याला फोड येतो आणि त्याला तो घरी आल्यावर, मोज्याला डाग दिसल्यावर कळतो. मग हळद लावली जाते. मग औषधाच्या दुकानातून मलम येते. दवाखान्यात रोज ड्रेसिंग होते, पण पायावरचा दाब कोणी काढत नाही, पायातील नाडी लागते की नाही हे कोणी पाहत नाही, आणि रुग्ण त्याच पायाने चालत ड्रेसिंगला येतो व चालत घरी जातो! दीड-दोन महिन्यांनी बोट काळे पडते आणि बांबोळीला नेल्यावर शस्त्रवैद्यापुढे कापण्यावाचून मार्ग उरत नाही. पाय कापावा लागलेल्या मधुमेहींपैकी बहुतेकांची सुरुवात अशा एका क्षुल्लक व्रणापासून झालेली असते. एक पाय गेला की सारा भार दुसऱ्यावर पडतो, आणि तोही धोक्यात येतो. ‘किरकोळ’ म्हणून रकान्यात टाकलेली जखम ती हीच.

यावरील उपाय फारसे महागडे नाहीत. पोकळ दाबाची यंत्रे, उच्च दाबाच्या प्राणवायूच्या कोठ्या, कृत्रिम त्वचा यांचा उपयोग काही रुग्णांना जरूर होतो, आणि खासगी इस्पितळांच्या जाहिरातींत त्यांनाच मान असतो. परंतु अधिक पाय वाचतात ते साध्या गोष्टींनी. नायलॉनच्या एका जाड धाग्याने तळव्याची संवेदना तपासता येते. बोटांनी नाडी पाहता येते. मेलेले मांस वेळच्या वेळी काढणे, दाब काढणे, साखर आटोक्यात आणणे, रक्तपुरवठा कमी असेल तर रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञाकडे त्वरित धाडणे आणि जंतुसंसर्ग नसताना प्रतिजैविकांचा मारा न करणे, एवढे शिकलेली परिचारिका प्राथमिक आरोग्य केंद्रातही हवी. चार आठवड्यांच्या योग्य उपचाराने जी जखम निम्म्यावरही आली नाही ती तज्ज्ञाकडे गेलीच पाहिजे, हा नियम सर्वत्र मान्य आहे. पण चार आठवड्यांपूर्वी ती केवढी होती हे कळावयास तिचे माप कोणी तरी वहीत लिहून ठेवलेले असावयास हवे. भोपाळमध्ये जी वही ठेवली गेली नाही ती हीच.

आरोग्य खात्याने म्हापसा व मडगाव येथील जिल्हा इस्पितळांत आठवड्यातून ठरावीक दिवशी पायांच्या जखमांचा स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग चालवावा आणि तेथे शस्त्रवैद्य, मधुमेहतज्ज्ञ, प्रशिक्षित परिचारिका व पादत्राणे बनविणारा कारागीर एकाच छताखाली बसवावेत. पेडणे, सत्तरी, काणकोण येथील रुग्णास रोजच्या ड्रेसिंगसाठी बस धरून शहरात यावे लागू नये. नोंदलेल्या प्रत्येक मधुमेहीचे पाय वर्षातून एकदा तपासले जावेत व त्याची नोंद त्याच्या हातातील पुस्तिकेत व्हावी. मऊ तळाच्या चपला औषध मानून इन्शुलिनबरोबर मोफत द्याव्यात. एका कापलेल्या पायाच्या खर्चात त्या किती जोड येतील, याचा हिशेब खात्याने एकदा मांडून पाहावा. आणि दर वर्षी राज्यात किती पाय कापावे लागले, कोणत्या तालुक्यात, जखम झाल्यापासून किती आठवड्यांनी रुग्ण तज्ज्ञापुढे आला, हे आकडे विधानसभेच्या पटलावर ठेवले जावेत.